शब्दवेध : मात्रा

तबल्याच्या वर्गात तीनतालाच्या १६ मात्रा बोटांवर मोजल्या जातात आणि त्याच संध्याकाळी घरी कोणी म्हणतं, ‘वैद्यांची मात्रा लागू पडली.’ एकच शब्द असा दोनदा कानावर आला, की स्तंभलेखकाला त्याचा माग काढल्याशिवाय राहवत नाही.

मुळाशी आहे संस्कृत ‘मा’ धातू, म्हणजे मोजणे. मान, माप, प्रमाण ही त्याचीच भावंडं. ग्रीक ‘मेट्रॉन’ आणि त्यातून आलेला ‘मीटर’ही याच इंडो-युरोपीय कुळातले. थायलंडात तर ‘मात्रा’ म्हणजे कायद्याचं कलम!

पण मात्रेची खरी श्रीमंती छंदशास्त्रात आहे. लघू म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, गुरू म्हणजे दीर्घ अक्षराच्या दोन. मग चार मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? पाच. पाच मात्रांची आठ, सहांची तेरा. ओळीच्या शेवटी लघू ठेवला तर आधी एक मात्रा कमी उरते, गुरू ठेवला तर दोन. म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. छंदशास्त्रकार विरहांकाने ही रीत जाणली होती, जैन आचार्य हेमचंद्राने गुजरातेत सुमारे ११५० मध्ये ती मांडली. हीच मालिका देणारं इटालियन गणिती फिबोनाचीचं सशांचं गणित १२०२ मधलं. या मालिकेतल्या लगतच्या संख्यांचं गुणोत्तर १.६१८ कडे, म्हणजे सुवर्ण गुणोत्तराकडे सरकत जातं. सूर्यफुलातल्या बियांच्या वळणांतही बहुधा ३४ आणि ५५ असे याच मालिकेतले आकडे सापडतात. हे सारं कवितेच्या मोजणीतही दडलेलं होतं, हे शाळेत आवर्जून सांगायला हवं.

आज मराठीत ‘के’च्या डोक्यावरची तिरकी रेघ मात्रा, सहाणेवर उगाळलेलं औषधही मात्रा, आणि हट्टाला पेटलेल्या नातवापुढे आजोबांचीही मात्रा चालत नाही.