पासपोर्ट सापडला? फोटो ग्रुपवर टाकू नका, त्याऐवजी हे करा

लोकलमध्ये, रिक्षात किंवा स्टेशनच्या जिन्यावर कुणाचा पासपोर्ट सापडला की ठाणे-डोंबिवलीकडे पुढचं ठरलेलं असतं. फोटो काढायचा आणि 'प्लीज फॉरवर्ड करा' लिहून व्हॉट्सॲपवर सोडून द्यायचा. हेतू चांगलाच असतो. पण त्या फोटोबरोबर काय काय जातं ते बघा.

फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकीत 44 अक्षरं-खुणा. आपल्याला त्या निरर्थक वाटतात, स्कॅनर मात्र त्याच वाचतो. पहिलीत देश आणि नाव, दुसरीत पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि मुदत. तिथे 950814 दिसलं तर जन्म 14 ऑगस्ट 1995 चा. बरेच जण वरचा नंबर अंगठ्याने झाकतात आणि या ओळी तशाच ठेवतात, म्हणजे झाकून काही उपयोग नाही. नव्या ई-पासपोर्टमधली चिप वाचायला लागणारी किल्लीसुद्धा याच माहितीवरून बनते. आता लोकांकडे असलेल्या बहुतेक पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं आणि पत्ताही असतो. एवढं हातात असलं की 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्यावर कुणाचाही विश्वास बसेल.

बोर्डिंग पासचंही तेच. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी 2020 मध्ये आपल्या बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. एका तरुणाने त्यावरचा बुकिंग नंबर आणि आडनाव एअरलाइनच्या साइटवर टाकलं आणि त्यांचा पासपोर्ट नंबर, फोन नंबर शोधून काढला. (त्याने तो वापरला नाही, रीतसर कळवलं.)

मग द्यायचा कुठे? रेल्वेच्या हद्दीत सापडला तर लोहमार्ग पोलीस, आरपीएफ किंवा स्टेशन मास्तर. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण, तिन्हीकडे लोहमार्ग पोलीस ठाणं आहे. चालत्या गाडीत असाल तर 139 वर कळवा. रस्त्यावर किंवा रिक्षात सापडला तर जवळचं पोलीस ठाणं. कल्याण-डोंबिवलीसुद्धा ठाणे शहर पोलीस आयुक्तालयातच येतं. देताना लेखी पोच मागा. हे मी आवर्जून सांगतो, कारण नंतर कुणी विचारलं तर तोच तुमचा पुरावा.

आणि हे त्याच दिवशी करा. मालकाने 'हरवला' अशी रीतसर नोंद केली की तो पासपोर्ट रद्द होतो, नंतर सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. आत व्हिसा असेल तर दुप्पट डोकेदुखी. घरी ठेवून 'रविवारी पत्ता शोधू' हा बेत मला पटत नाही. पत्ता जुना असू शकतो. अगदी शेजारच्याच सोसायटीतला असेल तर स्वतः जा, चेहरा फोटोशी जुळवा आणि हातात द्या.

ग्रुपवर टाकायचंच असेल तर फोटोशिवाय, एवढंच: 'आज डोंबिवली स्टेशनवर एक पासपोर्ट सापडला, लोहमार्ग पोलिसांकडे जमा केलाय.' कुणी 'माझाच आहे, आतल्या पानाचा फोटो पाठवा' म्हणालं तर पाठवू नका. पोलीस ठाण्याचं नाव सांगा, खात्री ते करतील.

फोटो आधीच टाकला असेल तर 'डिलीट फॉर एव्हरीवन' दोन दिवसांहून थोडा जास्त वेळच चालतं, आणि ज्यांनी सेव्ह केलाय त्यांच्याकडे तो राहतोच. स्वतःच्या फोनमधून काढताना ट्रॅशही रिकामा करा. बॅकअप घेतलेला फोटो गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये 60 दिवस पडून असतो.