टेकन ७ मधला शाहीन

आपल्याकडे शाहीन हे नाव बहुतेक वेळा मुलीचं असतं. माझ्या हजेरीपटावर दर दोन-तीन वर्षांनी एखादी शाहीन असतेच. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ससाणा. इक्बालच्या शायरीमुळे उर्दू शिकलेल्या प्रत्येकाला हा पक्षी ओळखीचा असतो, कधीकधी नको इतका. त्यामुळे ‘टेकन ७’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये शाहीन नावाचा दणकट सौदी पुरुष पाहिला तेव्हा आधी मला हसूच आलं. हसू ओसरल्यावर मात्र त्याच्याकडे नीट बघावंसं वाटलं, कारण त्याच्या आधी या पडद्यावर आपल्या नावाची माणसं कशी दिसत होती ते मी पाहत आलो आहे.

नव्वदच्या दशकात ज्यांनी गेम पार्लरमध्ये नाणी टाकली त्यांना ‘मुस्तफा’ आठवत असेल. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ च्या त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. पण ते नाव घेणारा एकही माणूस मला भेटला नाही. चार खेळाडूंपैकी पिवळ्या टोपीचा मुस्तफा सगळ्यांत चपळ, म्हणून अख्ख्या गेमचंच नाव मुस्तफा पडलं. हिंदू पोरंही ‘मी मुस्तफा घेणार’ म्हणून भांडायची. तो मुसलमान आहे की नाही हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नाही.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चित्र बदललं. बंदुकीच्या गेममधला अरब म्हणजे भिंतीआडून डोकं काढणारं लक्ष्य, असं ठरून गेलं. २००७ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’मध्ये तर त्या देशाला नावही नाही, नुसता मध्यपूर्वेतला एक देश. मारामारीच्या गेममध्ये वेगळाच निष्काळजीपणा होता. मायक्रोसॉफ्टच्या ‘काकुतो चोजिन’ या २००२ च्या गेममध्ये असद नावाच्या पात्राच्या पार्श्वसंगीतात चक्क कुरआनचं पठण वापरलं होतं. मुस्लिम देशांतून आक्षेप आला आणि काही महिन्यांतच तो गेम बाजारातून मागे घ्यावा लागला. यात मला द्वेष दिसत नाही. ऐकायला ‘अरबी’ वाटतंय ना, मग टाका, इतकाच विचार झाला असावा. पण ज्याची भाषा तुम्हाला नुसता आवाज वाटते, त्याला तुम्ही माणूस म्हणून कितपत पाहिलंत?

टेकन ही जपानी मालिका. १९९४ मध्ये सुरू झाली. तिसरा भाग १९९७ चा, तो आपल्याकडच्या पार्लरमध्येही चांगलाच चालला. सातवा भाग २०१५ मध्ये आधी पार्लरसाठी आला आणि जून २०१७ मध्ये घरच्या यंत्रांवर. मालिकेची मुख्य गोष्ट मिशिमा घराण्याची: बाप हेइहाची पोटच्या पोराला, काझुयाला, कड्यावरून ढकलून देतो आणि पुढे हे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालतं. फिरदौसीच्या ‘शाहनामा’तले रुस्तम आणि सोहराब ज्यांना माहीत आहेत त्यांना बाप-लेकाची ही लढाई परकी वाटणार नाही. फरक इतकाच की रुस्तमला आपण कुणाला मारतोय हे माहीत नव्हतं. हेइहाचीला पुरतं माहीत आहे.

शाहीनची भर याच सातव्या भागात पडली. मालिकेचे तेव्हाचे प्रमुख कात्सुहिरो हारादा यांनी २०१४ मध्ये या अरब पात्राचं कच्चं चित्र फेसबुकवर टाकलं आणि अरब खेळाडूंनाच मत विचारलं. ज्याचं चित्र काढतोय त्यालाच विचारायचं ही साधी गोष्ट, पण ती किती दुर्मीळ! मराठी सिनेमातला मुसलमान रंगवताना मोहल्ल्यात जाऊन कितीजणांनी विचारलं असेल? आमच्या वाट्याला एक तर सुरमा लावलेला खलनायक येतो, नाहीतर शेवटच्या रीळात मित्रासाठी जीव देणारा. शाहीन या दोन्हींत बसत नाही. तो सुरक्षा क्षेत्रात काम करतो, डोक्यावर अरबी रुमाल आहे, लढण्याची पद्धत लष्करी. त्याचा देश ‘मध्यपूर्वेत कुठेतरी’ नाही. सौदी अरेबिया असं स्पष्ट लिहिलं आहे. २०१६ च्या ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये रशीद आला, तो गमत्या आणि बडबड्या आहे, मला आवडतोही, पण त्याला तेव्हा नीट देश मिळाला नव्हता.

मला सगळ्यांत भावलेली गोष्ट भाषेची. शाहीन अरबी बोलतो. मोनॅकोची मुलगी फ्रेंच बोलते, कोरियन माणूस कोरियन, हेइहाची जपानी. प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलतो आणि समोरच्याला ते समजतं. कुणी कुणाला ‘आमच्या भाषेत बोल’ म्हणत नाही. दोन भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला याचं काय वाटेल ते मी वेगळं सांगायला नको. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी असं जगणाऱ्या आमच्या पोरांना तर यात नवल वाटण्यासारखं काहीच दिसलं नाही, आणि तेच मला फार बरं वाटलं.

खेळ म्हणूनही हा भाग ताकदीचा आहे. दोघांचाही जीव संपत आला असताना दोघांनी एकदमच हात उचलला की पडदा संथ होतो आणि कुणाचा ठोसा आधी पोहोचतो ते श्वास रोखून बघावं लागतं. हरणाऱ्यालाही एक शेवटचा मोठा वार मिळतो. जाणकारांनी त्यावर टीका केली, पण बघणाऱ्याला गुंतवून ठेवण्याची ती युक्ती अस्सल होती. एक कोटीहून जास्त प्रती खपल्या त्या उगाच नाही.

आता उणिवा. पहिली मोठी उणीव शाहीनचीच. इतक्या विचाराने घडवलेल्या माणसाला मुख्य कथेत जागाच नाही. ती मिशिमा घराण्याची आहे आणि एका पत्रकाराच्या रटाळ निवेदनातून पुढे सरकते. शाहीनच्या वाट्याला वेगळं प्रकरण आहे: मित्राच्या संशयास्पद मृत्यूमागे एक बलाढ्य कंपनी आहे एवढा मजकूर, एक लढत, छोटीशी चित्रफीत, संपलं. बाकीच्या डझनावारी पात्रांचीही हीच गत, हे खरं. पण जुन्या पात्रांच्या मागे आधीच्या भागांचा इतिहास होता, त्याच्या मागे तोही नव्हता. पंगतीला बोलावलं, पाट मांडला, आणि पानात मीठ-लिंबू वाढून वाढपी पुढे गेला.

दुसरी उणीव नवशिक्यांची. खेळ शिकवणारी धड व्यवस्था यात नव्हती. कोणता वार किती वेगाचा हे दाखवणारी सोय २०१९ मध्ये आली, तीही वेगळे पैसे मोजून. मी शिक्षक आहे, त्यामुळे पाठ्यपुस्तक विकून वर अनुक्रमणिकेचे पैसे मागणं मला अजून पचलेलं नाही. इंटरनेटवरचा खेळही बराच काळ अडखळतच चालला. लिरॉय नावाचं पात्र डिसेंबर २०१९ मध्ये विकायला काढलं ते इतकं वरचढ, की पुढच्याच महिन्यात जपानमधल्या इव्हो स्पर्धेच्या शेवटच्या आठांत सहाजण तेच घेऊन बसले होते.

तिसरी उणीव फारशी कुणी मोजत नाही. पहिली दोन वर्षं हा गेम पार्लरपुरताच होता. जपान-कोरियाचे खेळाडू सरावाने तयार होत होते आणि ज्या मुलखांत ती यंत्रं पोहोचलीच नाहीत तिथले खेळाडू वाट बघत बसले. म्हणून फेब्रुवारी २०१९ चा निकाल मला मोठा वाटतो. लाहोरचा अर्सलान सिद्दीकी, खेळातलं नाव अर्सलान अ‍ॅश, व्हिसा आणि विमानांच्या अडचणी पार करत फुकुओकाला पोहोचला आणि जपानची इव्हो जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासला अंतिम सामन्यात कोरियाच्या नी या दिग्गज खेळाडूला हरवून तिथलीही जिंकला. वर सांगून गेला की पाकिस्तानात माझ्याइतके तगडे अजून बरेच आहेत.

लाहोरच्या खेळाडूचं कौतुक मी मराठीत लिहितोय, याचा काहीजण काय अर्थ काढतील ते मला माहीत आहे. काढू देत. जहांगीर खानच्या स्क्वॉशचं कौतुक आपण परवानगी काढून करत नव्हतो.

पण अर्सलान कोणतं पात्र घेऊन जिंकला? शाहीन नव्हे. त्याचा मुख्य भरवसा काझुमीवर होता, म्हणजे हेइहाचीच्या बायकोवर, वाघ सोबत घेऊन लढणाऱ्या जपानी बाईवर. माझ्या वर्गातल्या एका पोराला मी विचारलं, तू शाहीन का घेत नाहीस? तो म्हणाला, ‘सर, आपलाच आहे म्हणून घ्यायचा का? काझुमी जास्त भारी आहे.’

२०२४ च्या ‘टेकन ८’मध्ये शाहीन पहिल्या दिवसापासून आहे आणि अजून अरबीच बोलतो. सातव्या भागाच्या शेवटी काझुयाने लाव्हात फेकलेला म्हातारा हेइहाचीही त्याच वर्षी परत आला. त्याचे मात्र वेगळे पैसे पडतात.