‘स्वीकारा’चा मानसोपचार आणि वऱ्हाडातील शेतकरी

१/ अकोल्याहून वाशीमकडे येणाऱ्या लोहमार्गावर, वाशीमच्या आधी, जऊळका हे स्थानक लागते. मालेगाव तालुक्यातील हे गाव; भोवती सोयाबीन, तूर आणि पावसाच्या भरवशावरची शेती. येथील एखाद्या शेतकऱ्याची झोप उडाली, जेवण सुटले, शेतात पाऊल टाकवेना, तर त्याने जावे कोठे? कित्येक पिढ्या या प्रश्नाला एकच उत्तर होते: नागपूरचे मनोरुग्णालय. स्थापना १८६४. अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक. शिवाय तेथे जाऊन आलेला माणूस गावाच्या लेखी कायमचा ‘वेडा’. आजचा थ्रेड या दोनशे किलोमीटरांच्या इतिहासाविषयी आहे. त्याचा आरंभ मात्र अमेरिकेतील एका बैठकीत होतो.

२/ साल १९७८. उत्तर कॅरोलायनातील एका विद्यापीठात मानसशास्त्र विभागाची बैठक चालू होती. प्राध्यापकांची आपसांत जुंपली होती. स्टीव्हन हेस नावाचा तरुण प्राध्यापक बोलावयास उठला आणि त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. भीतीचा तो पहिला झटका. पुढील दोन-तीन वर्षे तो भीतीला हुसकावण्याचा जितका प्रयत्न करी, तितकी ती बळावत जाई. स्वतः मानसशास्त्रज्ञ असूनही!

३/ त्या काळी प्रचलित असलेले उत्तर मराठी वाचकांना परिचित आहे. अल्बर्ट एलिस याने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली: दुःखाचे मूळ प्रसंगात नसून त्याविषयीच्या अविवेकी समजुतींत असते, त्या समजुती खोडून काढा. कि. मो. फडके यांनी हा विचार महाराष्ट्रात रुजविला. १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापिलेल्या मानसिक आरोग्य संस्थेमुळे तो अनेक मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. वाद घालण्याची हौस असलेल्या समाजाला ही पद्धत मानवली, यात नवल नाही.

४/ हेसने निराळी वाट धरली. विचार खरा की खोटा, हा वाद त्याने बाजूस ठेवला. विचार मनात आहे, वेदना छातीत आहे, हे दोन्ही असू द्यावे. मात्र पाऊल कोठे टाकावयाचे, हे त्यांनी ठरवू नये. ते आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टींनी ठरवावे. १९८० च्या दशकात आकारास आलेल्या या पद्धतीचा मुख्य ग्रंथ हेस, स्ट्रोसाल आणि विल्सन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केला. तिचे नाव ‘स्वीकार आणि बांधिलकी उपचारपद्धती’. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ॲक्ट’.

५/ तिच्यातील एक प्रयोग तर आणखी जुना आहे. १९१६ साली टिचनर या मानसशास्त्रज्ञाने नोंदविले होते की एखादा शब्द भराभर उच्चारीत राहिले, की त्याचा अर्थ गळून पडतो व केवळ ध्वनी उरतो. ‘दूध, दूध, दूध’ असे अर्धा मिनिट म्हणून पाहा. ॲक्टमध्ये ‘मी नालायक आहे’ यासारख्या वाक्याचा डंख याच युक्तीने बोथट केला जातो.

६/ आणि येथेच वऱ्हाडातील माणूस एक रोखठोक प्रश्न विचारील. ‘कर्ज, कर्ज, कर्ज’ असे शंभरदा म्हटले, तर शब्दाचा अर्थ जाईल; सावकार जाईल काय? ज्याच्या सोयाबीनला भाव नाही, त्याला ‘स्वीकार करा’ असे सांगणे हा उपचार की उपमर्द? थ्रेडचा खरा विषय हाच आहे.

७/ हा प्रश्न हवेतला नाही. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, ते शेतकरी आत्महत्यांमुळेच. त्या सहांत वाशीम होता. (तेव्हा या जिल्ह्याचे वय अवघे आठ वर्षांचे होते, १९९८ साली तो अकोल्यातून वेगळा झाला.) त्यानंतर दोन तट पडले. एकाचे म्हणणे, हा भाव, पाणी आणि पतपुरवठ्याचा प्रश्न आहे, समुपदेशक पाठवून तो झाकू नका. दुसऱ्याचे म्हणणे, पॅकेज येईपर्यंत आज रात्री ज्याला जगणे नकोसे झाले आहे, त्याच्याजवळ कोण बसणार?

८/ दुसऱ्या तटाजवळ सांगण्यासारखा पुरावा पुढील दशकात जमला. २०११ नंतर अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबविला गेला. गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण, त्यांच्या वर समुपदेशक, त्यांच्याही वर मनोविकारतज्ज्ञ, अशी ती उतरंड होती. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर उतरले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावे घेतली नव्हती, म्हणून दुसऱ्या आकड्याचे सारे श्रेय प्रकल्पाला देणे घाईचे ठरेल. पहिला आकडा मात्र बोलका आहे.

९/ गोव्यात पुरावा अधिक कसून तपासला गेला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या तीव्र नैराश्याच्या ४९३ रुग्णांपैकी निम्म्यांना, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनी त्यांतील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले होते. इतरांत हे प्रमाण ३९ टक्के होते. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

१०/ या बैठकांत काय चाले? ॲक्ट नव्हे, तर तिची सख्खी चुलत बहीण: ‘वर्तन-सक्रियता’. मन प्रसन्न होण्याची वाट पाहावयाची नाही. आधी लहानसे काम करावयाचे. गोठ्यापर्यंत चालत जावे. भावाला फोन करावा. हिचाही इतिहास रंजक आहे. १९९६ साली नील जेकबसन याने नैराश्यावरील बोधात्मक उपचाराचे भाग सुटे करून तपासले. नुसता कृतीचा भाग घेतलेले रुग्ण संपूर्ण उपचार घेतलेल्यांइतकेच सुधारले! विचारांशी वाद घालणे अपरिहार्य नाही, असा संशय त्यामुळे बळावला. माझ्या मते गावासाठी हीच बातमी सर्वांत मोठी होती, कारण वाद घालावयास तज्ज्ञ लागतो. सोबत चालावयास शेजारीही पुरतो.

११/ खुद्द ॲक्टनेही दवाखाना सोडला. जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या आधारे पाच बैठकांचा, ध्वनिमुद्रित आवाज आणि चित्रपुस्तिका यांवर चालणारा कार्यक्रम रचला. युगांडातील छावण्यांत राहणाऱ्या ६९४ दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांमध्ये त्याची चाचणी झाली व मानसिक ताण घटल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे घर परत मिळणार नव्हते, त्या स्त्रियांना कोणी ‘निर्वासित असणे मान्य करा’ असे शिकविले नव्हते. छातीतील धडधड असू द्या, आणि आज लेकरासाठी काय करावेसे वाटते ते करा, एवढेच.

१२/ सहाव्या पोस्टमधील प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. आपल्याकडे ‘नशिबाले आलं’ असे म्हणून जे गिळले जाते, त्यात माणूस परिस्थितीही मान्य करतो आणि हातही सोडतो. ॲक्टमधील स्वीकार भीतीचा, लाजेचा, अपयशाच्या भावनेचा आहे. भावाचा नाही, व्याजदराचा नाही. उलट ज्याची सारी शक्ती लाज लपविण्यात खर्च होते, तो बँकेच्या पायऱ्या चढणार कसा? तरीही पहिल्या तटाचा इशारा मी मोडीत काढणार नाही. भाव द्यावयाचा नसला, की समुपदेशन स्वस्त पडते, हे सरकारांना फार लवकर कळते.

१३/ २०१५ पासून महाराष्ट्र शासनाने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. वाशीम त्यातही आहे. आशा ताई घरोघरी जाऊन विचारपूस करू लागल्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे गृहीत धरावयास सांगितले. शिक्षेऐवजी तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरले.

१४/ शेवटची एक नोंद. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपविले. २०१७ पासून अमर हबीब यांच्या पुढाकाराने दरवर्षी त्या दिवशी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. त्यात शोक आहे आणि शेतीविषयक कायदे बदलण्याची मागणीही आहे.

१५/ आपणांस वा घरातील कोणास हे विचार छळत असतील, तर ‘टेलि-मानस’चा निःशुल्क क्रमांक १४४१६ आहे. तो रात्रीही चालू असतो.