जोहाराला उत्तर काय?

फ्रान्समध्ये कुणी ‘सा वा?’ म्हणून विचारपूस केली, तर उत्तरही ‘सा वा’ असंच येतं. मागून आभाराचं ‘मेर्सी’ जोडलं की शिष्टाचार पुरा. खरं कसं चाललंय हे सांगायचं नसतं आणि विचारणाऱ्यालाही ते ऐकायचं नसतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र भेटीच्या पहिल्या शब्दाला काय उत्तर मिळतं, यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसाची पायरी ठरत आली.

भामरागडच्या माडियांपासून कोरचीच्या गोंडांपर्यंत ‘जोहार’ला ‘जोहार’ हेच उत्तर. चांद्याचं गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी घेतलं. जोहार तेवढा टिकला. तिकडे झारखंडात संथाळ आणि मुंडाही भेटल्यावर हेच म्हणतात.

गावगाड्यात मात्र याच शब्दाची गत वेगळी. तिथे महारांनी वरच्या जातींना जोहार घालायचा, वाकून आणि अंतर राखून. उलट जोहार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. चोखोबांच्या आणि एकनाथांच्या नावावर जोहाराच्या रचना आहेत, त्यांना पार्श्वभूमी याच रिवाजाची. अभिवादन ही तेव्हा खाजगी बाब नव्हतीच. मुंबईच्या सोनारांनी ‘नमस्कार’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा पेशव्यांच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीने १७७९ मध्ये त्यांना चक्क मनाई केली. डॉ. आंबेडकरांनी हा दाखला आपल्या जातिनिर्मूलनावरच्या पुस्तकात दिला आहे. व्यापाराला आलेल्या कंपनीला लोकांच्या नमस्कारात नाक खुपसावंसं वाटलं, ही गंमत म्हणावी की काय!

ही कोंडी फोडणारा माणूस नागपूरजवळच्या कामठीचा. बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे (१९०४–१९३९) विडी कामगारांची संघटना बांधत होते आणि १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळातही निवडून गेले. मुसलमानांच्या सलामाला ठरलेलं उत्तर असतं, हे त्यांनी एका मौलवींकडून समजून घेतलं, असं सांगतात. त्यावरून त्यांनी जोडी सुचवली: एकाने ‘जय भीम’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘बल भीम’. यातलं उत्तर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’च रूढ झालं. लोकांनी केलेली ही दुरुस्ती मूळ कल्पनेपेक्षा सरस म्हणायला हवी. कोण आधी बोललं, याला त्यात अर्थच उरला नाही.

नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या सोहळ्यामागे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे होते. पुढे ते राज्यसभेचे उपसभापती झाले. आजही ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गर्दी लोटते. एकमेकांना पूर्वी कधी न पाहिलेली माणसंही तिथे ‘जय भीम’ म्हणत वाट करून देतात.

गोंडांमध्ये अस्मितेच्या चळवळीबरोबर ‘जय सेवा’ आलं. कुठे ते एकटं, कुठे ‘सेवा जोहार’ असं जोडून. त्यामुळे आठवडी बाजारात फेरफटका मारला तर रामराम, जोहार, जय भीम, जय सेवा असं सगळंच कानावर पडतं. नेहमीचा दुकानदार ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या शब्दात उत्तर देतो आणि मग भावाचं बोलणं सुरू होतं.

२०२२ मध्ये सरकारही यात उतरलं. चंद्रपूरचेच सुधीर मुनगंटीवार सांस्कृतिक कार्यमंत्री होते. फोन उचलल्यावर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्‌’ म्हणावं, असं सरकारी कर्मचाऱ्यांना सांगणारा शासननिर्णय त्या ऑक्टोबरात निघाला. सक्ती मात्र ठेवली नव्हती.