मोटार-अपघातातील नुकसानभरपाई : एका हक्काचा इतिहास

नुकसानभरपाईसारखा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आला, की हा तर वकिलांचा विषय, आपणांस त्याचे काय, असा प्रश्न उठणे साहजिक आहे. परंतु अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ह्या उपनगरांत ज्या घरातील कोणीच दुचाकीवरून कामाला जात नाही, असे घर आता विरळाच. सकाळी डबा घेऊन फटफटीवर बसलेला माणूस रीतीने, आपल्या बाजूने जात असताना दुसऱ्या कोणाच्या हयगयीने त्याचा पाय मोडला, तर त्या पायाची किंमत कोणी द्यावयाची? किती द्यावयाची? आणि ती मागावयाची कोणाच्या दारात? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे आज आपल्या कायद्यात आहेत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ती जवळजवळ नव्हती. ती कशी मिळत गेली हे पाहणे हाच आजचा विषय होय.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ह्या हक्काचा इतिहास म्हणजे जखमी माणसाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या डोक्यावरचे एकेक ओझे उतरविण्याचा इतिहास आहे. ही ओझी एका दिवसात उतरली नाहीत. आणि उतरलेल्यांपैकी एक अलीकडे पुन्हा चढविण्यात आले आहे.

प्रारंभ इंग्लंडपासून करावा लागतो, कारण आपला कायदा तिकडूनच आला. १८०८ साली तेथे एक खटला झाला. घोड्यांची प्रवासी गाडी उलटून एका गृहस्थाची पत्नी जखमी झाली आणि सुमारे महिन्याने वारली. न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो ह्यांनी निर्णय दिला, की पत्नी जिवंत होती तेवढ्या काळापुरतीच भरपाई नवऱ्याला मागता येईल. मनुष्याचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात नुकसान म्हणून मोजण्याची गोष्ट नाही. ह्याचा व्यवहारात अर्थ मोठा विलक्षण झाला. पाय मोडणाऱ्याला दंड, पण जीव घेणाऱ्याला दिवाणी न्यायालयात काहीच नाही! हा उफराटा न्याय पुढे आगगाड्या धावू लागल्यावर लोकांना सोसेना. १८४६ साली लॉर्ड कॅम्बेल ह्यांच्या पुढाकाराने तेथे कायदा झाला आणि मृताच्या बायकामुलांना दावा लावण्याची मुभा मिळाली.

आता आपल्याकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती आजच्या घाटकोपर, भांडुप, मुलुंड ह्याच पट्ट्यातून. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ साली, हिंदुस्थानात प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. तो कॅम्बेल ह्यांच्या कायद्याच्याच धर्तीवर होता. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला, तर त्याची पत्नी किंवा पती, आईबाप आणि मुले ह्यांच्यासाठी दावा लावता येऊ लागला. पहिले ओझे उतरले ते असे.

परंतु त्या यादीत भाऊ नव्हता. आपल्याकडील एकत्र कुटुंबात धाकट्या भावंडांचे शिक्षण थोरल्याच्या पगारावर चालते, ही गोष्ट इंग्रजी कायद्याच्या ध्यानी येण्याजोगी नव्हती. ती मान्य व्हावयास १९८७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी गुजरात राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मोटार-कायद्याखाली मृताच्या भावालाही वारस म्हणून अर्ज करता येईल. भारतीय कुटुंबात भाऊ, भावाची मुले हीदेखील एकमेकांवर अवलंबून असतात. ही समजूत कायद्यात शिरण्यास एकशेबत्तीस वर्षे लागली.

मोटारींविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४चा. त्यात नोंदणी होती, चालकाचा परवाना होता. जखमी माणसाच्या भरपाईची व्यवस्था नव्हती. त्याने दिवाणी न्यायालयात जावे, वर्षानुवर्षे दावा चालवावा, आणि शेवटी हुकूमनामा हाती आला की कळावयाचे, ट्रक चालविणाऱ्याकडे फुटकी कवडी नाही. जिंकलेला दावा आणि रिकामे हात, हे दुसरे ओझे. ते उतरविण्याचा उपाय १९३९च्या मोटार वाहन कायद्यात आला. ज्याला रस्त्यावर मोटार आणावयाची आहे, त्याने रस्त्यावरच्या तिऱ्हाईत माणसासाठी विमा उतरविलाच पाहिजे, अशी सक्ती त्यात झाली. इंग्लंडात ही सक्ती १९३० सालीच झाली होती. आपल्याकडे मात्र कायदा १९३९चा असला तरी विम्याचे हे प्रकरण अमलात आले ते १ जुलै १९४६ रोजी. सात वर्षे ते कागदावरच राहिले. हे ‘थर्ड पार्टी’ नाव आपण विम्याच्या हप्त्याची पावती घेताना नेहमी ऐकतो. ही तिसरी असामी म्हणजे आपण स्वतः, रस्त्याने जाणारे. पहिली असामी गाडीवाला, दुसरी विमा कंपनी आणि तिसरी ज्याला धक्का लागला तो.

येथून पुढे आपली उपनगरे ह्या कथेत येतात. १९५० साली मुंबईची हद्द पश्चिमेकडे जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेकडे भांडुपपर्यंत वाढली, व १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. खेडी संपून शहर झाले. आग्रा रोडवर आणि घोडबंदर रोडवर मालमोटारींची रांग लागली. भांडुपच्या कारखान्यात लॅम्ब्रेटा स्कूटर तयार होऊ लागली आणि मध्यमवर्गीय माणूस स्वतःच्या वाहनावर बसला. १९५६ साली संसदेने मोटार-कायद्यात दुरुस्ती करून अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची व्यवस्था केली, आणि ती दुरुस्ती अमलात आली तीही १९५७च्या आरंभी. साध्या अर्जावर, थोडक्या चौकशीने, लवकर निकाल लागावा हा तिचा हेतू. दिवाणी दाव्याचे तिसरे ओझे असे उतरले. मात्र अर्ज अपघातापासून साठ दिवसांत केला पाहिजे, अशी अट होती. प्लॅस्टरमध्ये पाय घातलेल्या माणसाला साठ दिवस म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. संसदेलाही ते उमगले असावे, कारण १९६९ साली ही मुदत सहा महिन्यांची झाली.

चौथे ओझे सर्वांत जड होते : चूक समोरच्याचीच होती हे सिद्ध करण्याचे. मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात मत दिले होते, की मोटारीमुळे इजा झाली एवढे दाखविले की पुरे, हयगय सिद्ध करण्याची गरज नाही. जानेवारी १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मत अमान्य केले आणि हयगय सिद्ध करावीच लागेल असे ठरविले. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. नागपूरहून पांढुर्ण्याला जाणारी मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली होती. नीट हाकलेली मोटार सहसा झाडावर जात नाही. तेव्हा अपघात स्वतःच साक्ष देतो आणि खुलासा आता मोटारवाल्याने करावा, असे न्यायालयाने म्हटले. एकाच वर्षातील ह्या दोन निकालांत कायद्याची ओढाताण स्पष्ट दिसते.

शेवटी १९८२ साली संसदेने मधला मार्ग काढला. चूक कोणाचीही असो, मृत्यूबद्दल १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये द्यावयाचे. १९८८च्या कायद्याने ह्या रकमा २५,००० आणि १२,००० झाल्या, तर १९९४ साली ५०,००० आणि २५,०००. आज चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. ह्याहून अधिक मागावयाचे असेल, तर मात्र समोरच्याची चूक दाखवावी लागते, आणि खरी भरपाई तेथेच असते.

किती, ह्या प्रश्नाचे उत्तर फार काळ ज्या त्या न्यायाधीशाच्या मर्जीवर होते. २००९ साली दिल्ली परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले, आणि २०१७ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने पुढे वाढणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब घालून दिला. उदाहरण घेऊ. समजा, घाटकोपरातील २८ वर्षांचा एक कारागीर स्वतःच्या दुकानात महिना २०,००० रुपये मिळवितो. फटफटीवरून जाताना मोटारीने उडविले आणि त्याचा उजवा हात अधू झाला. वर्षाचे उत्पन्न २,४०,०००. स्वतंत्र धंदेवाल्याची चाळिशीच्या आतली भावी वाढ म्हणून त्यात चाळीस टक्के मिळवावयाचे, म्हणजे ३,३६,०००. ह्या वयाचा गुणक १७. त्याची कमाई करण्याची शक्ती तीस टक्के गेली असे ठरले, तर केवळ कमाईच्या नुकसानीपोटी १७,१३,६०० रुपये होतात. औषधोपचार, घरी बसून बुडालेली मजुरी, सोसलेल्या वेदना आणि व्याज हे निराळे.

ह्यात एक मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावर हाताचे जे अपंगत्व लिहिलेले असते, तेवढीच कमाई गेली असे नसते. हे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. हाताची दोन बोटे गेली, तर कारकुनाचे थोडे जाते, सुताराचे पुष्कळ जाते. तेव्हा कारागिराने आपला धंदा काय, त्यात हात कोठे लागतो, हे न्यायाधिकरणापुढे सांगितलेच पाहिजे.

दुचाकीवाल्यांविषयी काही निकाल मुद्दाम सांगतो. एका मोटारसायकलवर तिघे बसले होते आणि मोटारीने मागून धडक दिली. तिघे बसणे गुन्हाच; पण त्यामुळे अपघात घडला वा इजा वाढली असे दिसल्याखेरीज मृताच्या वारसांची भरपाई कापता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले. नियम मोडावा असा ह्याचा अर्थ नव्हे. धडक देणाऱ्याचे पाप धडक खाणाऱ्याच्या माथी मारू नये, एवढाच अर्थ. दुसरे, समोरच्या चालकाचा परवाना खोटा निघाला म्हणून जखमी माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही. २००४च्या निकालाप्रमाणे अशा प्रकरणांत विमा कंपनीने आधी जखमीला द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे, असा आदेश न्यायाधिकरणाला देता येतो. तिसरे, मागे बसणाऱ्याविषयी. आपल्याच दुचाकीच्या केवळ सक्तीच्या विम्यात तो येत नाही, असा २००६चा निकाल आहे. दुसऱ्या वाहनाची चूक असेल, तर त्या वाहनाच्या विम्यातून त्याला मिळते. परंतु चूक आपल्याच चालकाची असेल, तर तो उघडा पडतो. मुलाला किंवा पत्नीला मागे बसविणाऱ्याने आपली पॉलिसी एकदा वाचून पाहावी.

आता उतरून पुन्हा चढलेल्या ओझ्याकडे येऊ. १९९४ साली संसदेने दोन मोठ्या सवलती दिल्या. पूर्वी अर्ज अपघात जेथे झाला तेथेच करावा लागे. मुलुंडचा माणूस नाशिककडे जाताना पडला, तर कुबड्या घेऊन तिकडच्या न्यायालयात खेपा घालणे आले. आता तो राहतो तेथील न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. दुसरी सवलत म्हणजे मुदतीची अट साफ काढून टाकली. पंचवीसहून अधिक वर्षे ती नव्हती. २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. परंतु कोणाच्या तरी खटल्याचा निकाल लागेल म्हणून आपण स्वस्थ बसावे, हा शहाणपणा नव्हे. ह्याच काळातल्या नियमांनी पोलिसांवरही एक कर्तव्य घातले आहे. अपघाताची पहिली खबर त्यांनी अठ्ठेचाळीस तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा आहे. तो गेला की नाही, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

आणि तरीही हा सारा इतिहास बहुधा दहा मिनिटांत वाया जातो. धडक बसते, गर्दी जमते, कोणी वडीलधारा म्हणतो, “जाऊ द्या, पोलिसांची भानगड नको, मडगार्डचे पैसे घ्या आणि मिटवा.” हजार-दोन हजार हाती पडतात. गाडीचा नंबर कोणी टिपून घेत नाही. रात्री गुडघा सुजतो, आठवड्याने शस्त्रक्रिया ठरते, आणि मग समजते की दवाखान्याच्या पहिल्या कागदावर ‘घसरून पडला’ असे लिहिले आहे. पंचनामा नाही, फिर्याद नाही, साक्षीदार कोण ते आठवत नाही. एवढे कायदे आणि एवढे निकाल त्या एका ओळीपुढे लंगडे पडतात.

म्हणून गाडीचा नंबर, पाहणाऱ्या एखाद्याचे नाव, दवाखान्यात घडले तसे लिहविणे, पोलिसांत खबर आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज, एवढ्या गोष्टी घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असाव्यात. जो जखमी आहे त्याला त्या वेळी सुचत नाही. ते शेजाऱ्याला, भावाला सुचले पाहिजे. जखमीला मदत करणाऱ्याला आता कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा साक्ष देण्यास भिण्याचेही कारण उरलेले नाही.

भरपाई मागणे म्हणजे अपघातावर पैसा करणे, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित घरांतही आहे. ती सोडून द्यावी. ही भीक नव्हे आणि लाभही नव्हे. प्रत्येक वाहनवाल्याकडून विम्याचा हप्ता सक्तीने घेतला जातो, तो ह्याच दिवसासाठी. मोडलेला हात पैशाने परत येत नाही, हे खरेच. पण त्या हातावर जे घर चालत होते ते कोसळू नये, एवढे कायद्याला करता येते. तेवढे करावयास त्याला १८५५ पासून आजपर्यंतचा काळ लागला. आपणांस तो मागण्यासाठी सहा महिने आहेत. ते मात्र आपण दवडू नयेत.