पदवी आणि पारख

नोकरीसाठीं माणूस निवडतांना त्याची विद्या पाहावी कीं त्याचा स्वभाव पाहावा, हा प्रश्न जितका घरगुती तितकाच ऐतिहासिक आहे. ज्यांच्या घरांत पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा अथवा मुलगी आहे, त्यांस तर तो फारच जिव्हाळ्याचा वाटतो. परीक्षेंत मिळालेले गुण कागदावर दाखवितां येतात. अंगचे गुण दाखवावे कसे, हें कोणतीच पाठशाळा शिकवीत नाहीं. या प्रश्नाचा विचार नुसत्या तर्कानें करण्यापेक्षां नागपूरच्या इतिहासांतील एका उदाहरणावरून करणें अधिक फलदायी होईल.

जमशेटजी टाटा (१८३९-१९०४) यांनीं १८७४ सालीं नागपुरांत कापडाची गिरणी काढण्यासाठीं कंपनी स्थापन केली. त्या काळीं गिरणी म्हणजे मुंबई, असें समीकरण होऊन बसलें होतें. परंतु वऱ्हाड व वर्धा भागांतील कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि १८६७ सालीं नागपुरास येऊन पोंचलेली आगगाडी यांचा मेळ पाहून त्यांनीं जुम्मा तलावाजवळची जागा पसंत केली. दलदलीच्या त्या भूमींत हा गृहस्थ सोनें पुरीत आहे, अशी एका सावकारानें थट्टा केली व पुढें त्यासच आपले शब्द मागें घ्यावे लागले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. राणी व्हिक्टोरियास हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यांत आलें त्याच दिवशीं, म्हणजे १ जानेवारी १८७७ रोजीं, गिरणी सुरू झाली आणि ‘एम्प्रेस’ हें नांव तिला मिळालें.

या गिरणीचा कारभार जमशेटजींनीं कोणाच्या हातीं दिला? बेझनजी दादाभाई मेहता यांच्या. मेहता हे जी. आय. पी. रेल्वेच्या मालखात्यांत तयार झालेले गृहस्थ. सूत कातण्याचें वा कापड विणण्याचें ज्ञान त्यांस मुळींच नव्हतें. आजच्या एखाद्या निवडसमितीनें त्यांचा अर्ज पहिल्याच छाननींत बाजूस ठेवला असता. मग त्यांच्या ठिकाणीं काय होतें? मालखात्यांत ज्याची हयात जाते त्याला गांठोडीं मोजावीं लागतात, गाड्यांची वेळ सांभाळावी लागते, व्यापाऱ्यांची कुरकूर शांतपणें ऐकावी लागते आणि हमालापासून साहेबापर्यंत सर्वांशीं एकाच दिवसांत बोलावें लागतें. परक्या गांवीं नवी गिरणी उभी करणाऱ्यास नेमकें हेंच हवें होतें. कामगार नवे, त्यांस गिरणीच्या शिस्तीची संवय नाहीं, गैरहजेरी तर रोजचीच. अशा स्थितींत यंत्रांपेक्षां माणसें चालविणें कठीण. बक्षिसें, आणि १८८६ सालीं सुरू झालेला निवृत्तिवेतनाचा निधि, अशा उपायांनीं तेथील कामगार हळूहळू स्थिरावला.

मात्र यावरून जमशेटजींस विद्येची किंमत नव्हती, असें कोणीं समजूं नये. यंत्रांच्या बाजूस त्यांनीं जेम्स ब्रुक्सबी या लँकेशायरच्या जाणत्यास नेमलें होतें. लँकेशायरचे कारखानदार जुन्या चात्यांसच चिकटून राहिले असतां, १८८३ च्या सुमारास एम्प्रेस गिरणींत नव्या ‘रिंग’ चात्यांचा प्रयोग झाला. तो अशा तज्ज्ञाखेरीज होणें शक्य नव्हतें. होतकरू तरुणांस परदेशीं उच्च शिक्षण घेतां यावें म्हणून १८९२ सालीं निधि स्थापन करणारे जमशेटजीही हेच. तात्पर्य, ज्या जागीं ज्ञानावांचून काम अडेल तेथें त्यांनीं ज्ञान पाहिलें, आणि जेथें ज्ञान मागाहून मिळवितां येईल पण स्वभाव मागाहून घडवितां येणार नाहीं, तेथें स्वभाव पाहिला.

आतां याची दुसरी बाजू. स्वभाव पाहणें म्हणजे कोणाच्या तरी नजरेवर विसंबणें, आणि नजर निर्लेप क्वचितच असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी जागा पूर्वीं संचालकांच्या शिफारशीनें भरल्या जात. तेथें ‘सुशील घरचा’ याचा अर्थ बहुधा ‘आपल्या ओळखीचा’ असाच होत असे. ती रीत १८५३ च्या कायद्यानें मोडली व १८५५ सालीं लंडनमध्यें स्पर्धेची परीक्षा सुरू झाली. परीक्षा ही मुळांत वशिल्यावरील औषध आहे, हें विसरतां कामा नये. पण औषधही कधीं बाधतें. लेखी परीक्षेंत उत्तीर्ण झालेले अरविंद घोष घोड्यावर बसण्याच्या परीक्षेस हजर न राहिल्यामुळें १८९२ सालीं सनदी नोकरीस अपात्र ठरले. सयाजीराव गायकवाडांनीं मात्र त्यांस प्रत्यक्ष पाहून नोकरी दिली आणि १८९३ सालीं ते बडोद्यास रुजू झाले. साम्राज्याच्या नियमाला जें दिसलें नाहीं तें एका संस्थानिकाच्या दृष्टीला दिसलें.

जमशेटजींनीं निवडलेले मेहता पारशीच होते, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. त्यांची निवड योग्य ठरली ती जातीमुळें नव्हे, तर कामामुळें. परंतु तेवढीच लायकी असलेला एखादा मराठी वा मुसलमान कारकून जमशेटजींच्या नजरेच्या टप्प्यांत आला असता काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून स्वभावाची पारख करणाऱ्यानें आधीं स्वतःची पारख करावी. उमेदवाराचें बोलणें, पोषाख वा आडनांव यांवरून स्वभाव ओळखूं नये. त्यानें मागें केलेलें काम पाहावें, कांहीं काळ जबाबदारी देऊन पाहावी, आणि एकाच्या मतावर निकाल ठेवूं नये.

एम्प्रेस गिरणीचा भोंगा आतां वाजत नाहीं. पदवी दार उघडते. आंत गेल्यावर माणूसच लागतो, हा तिचा धडा मात्र बंद झालेला नाहीं. मुलांस पदवीसाठीं झिजविणाऱ्या आईबापांनीं तो लक्षांत ठेवावा, आणि माणसें निवडणाऱ्यांनीं तर अधिकच.