जिवंत पेशीची साक्ष

पावाचे पीठ फुगविणारे यीस्ट आपल्या नित्य परिचयाचे आहे. परंतु ही सूक्ष्म पेशी साखरेचे नेमके काय करते, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातील विद्वानांत मोठा वाद माजविला होता. साखर आंबणे हे पेशीच्या जीवनाचेच कार्य, असे पाश्चरचे मत; ती केवळ रासायनिक घडामोड, असा लीबिखचा आग्रह. १८९७ साली जर्मनीत एदुआर्ट बुखनरने यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस पिळून काढला. पेशी उरल्या नाहीत, तरी त्या रसाने साखर आंबली ! १९०७ चे नोबेल पारितोषिक त्याला लाभले ते उगाच नव्हे. पण हे उत्तर मिळाले पेशी चिरडून. काम चालू असताना जिवंत पेशीलाच विचारावयाचे कसे ?

तो मार्ग इंग्लंडमध्ये एका वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखविला. डरहॅम विद्यापीठातील प्राध्यापक मायकेल पॉटर यांनी सच्छिद्र भांड्याच्या आत व बाहेर साखरेचे द्रावण घेतले, एकाच बाजूस यीस्ट घातले, आणि दोहोंकडे प्लॅटिनमचे विद्युदग्र बुडविले. दोन अग्रांमध्ये सुमारे ०.३ ते ०.५ व्होल्टचा विद्युद्दाब आढळला. तापमान, अन्नाचे प्रमाण व पेशींची संख्या बदलली की तोही बदले. १९११ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. साखर विघटित होताना पेशीत इलेक्ट्रॉन हातोहात पुढे दिले जातात. त्यांतील काही धातूपर्यंत पोहोचतात, असा याचा अर्थ आज आपण लावतो.

अमेरिकेत बार्नेट कोहेनने १९३१ मध्ये सूक्ष्मजंतूंचे अनेक घट जोडून ३५ व्होल्ट मिळविले. प्रवाह मात्र अवघा दोन मिलिअँपिअर! दिवे लावण्याच्या दृष्टीने ही वीज नगण्यच.

परंतु जी वीज राबत नाही, ती साक्ष देऊ शकते. यीस्टचे कवच इलेक्ट्रॉन सहजी बाहेर सोडीत नाही. म्हणून मेथिलीन ब्लूसारखे रंगद्रव्य मध्यस्थ नेमतात. ते पेशीत शिरून इलेक्ट्रॉन घेते आणि विद्युदग्रापाशी आणून टाकते. अन्न मिळाले की प्रवाह चढतो, विष घातले की ओसरतो. १९५६ साली लेलंड क्लार्कने प्रसिद्ध केलेल्या प्राणवायुमापक विद्युदग्राने तर पेशींचा श्वासही मोजता येऊ लागला.

बुखनरने पेशी फोडून तिचे रहस्य उघडे केले. पॉटरच्या वाटेने जाणाऱ्यांनी तिला जिवंत ठेवून बोलते केले. विज्ञानाला या दोन्ही रीती हव्यात. मात्र जीवन म्हणजे चालू असलेले कार्य होय, आणि ते चालू असतानाच मोजण्याचे भाग्य या क्षीण प्रवाहाने आपल्याला दिले.